रेडिओहेडचा ‘पाब्लो हनी’: सांगलीत दोन तट पडलेत, तुम्ही कुठल्या बाजूला?

आयर्विनपलीकडचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी विश्रामबागेत एका मित्राच्या घरी आम्ही काही जणांनी रेडिओहेड या इंग्रज रॉक बँडचा पहिला अल्बम ‘पाब्लो हनी’ सलग ऐकला. एकही गाणं पुढे ढकलायचं नाही, अशी अट होती. अल्बम ४२ मिनिटांचा, वाद मात्र जेवणं उरकली तरी मिटेना. निम्मे म्हणाले, वर रेडिओहेडचं नाव नसतं तर आज हा कुणी शोधून ऐकला नसता. बाकीचे म्हणाले, उलट नाव आहे म्हणूनच त्याला शिव्या बसतात. दुसऱ्या कुठल्या बँडचा असता तर नव्वदीतला झकास गिटार-अल्बम म्हणून कौतुक झालं असतं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन शाळेतली ही पाच पोरं, १९८५ पासून एकत्र वाजवणारी. तालीम शुक्रवारी, म्हणून नाव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ च्या अखेरीस ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि कंपनीच्या आग्रहानं नाव बदललं. अल्बम आला फेब्रुवारी १९९३ मध्ये. चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत साधारण तीन आठवड्यांत उरकलेला. निर्माते बोस्टनचे दोघे, शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी. ब्रिटनमध्ये २२ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ३२ व्या.

आता माझं मत लिहून टाकतो, म्हणजे झोडायला सोपं. अल्बम अर्धा चांगला आहे. उरलेला अर्धा फसलाय, पण लोक सांगतात त्या कारणानं नाही. लोक म्हणतात ग्रंजची, म्हणजे तेव्हाच्या खरखरीत अमेरिकन गिटार-रॉकची नक्कल. ती थोडी आहेच. १९९१ च्या सप्टेंबरात निर्वाणा या ग्रंज बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आल्यावर हातात गिटार असलेल्या बहुतेकांनी ती केली. माझी तक्रार वेगळी आहे. या बँडमध्ये गिटारी तीन: गायक थॉम यॉर्क, जॉनी ग्रीनवुड आणि एड ओ’ब्रायन. बऱ्याच गाण्यांत तिघंही सगळा वेळ एकदम वाजवतात, कुणी कुणाला जागा देत नाही. ‘रिपकॉर्ड’ ऐका, ‘व्हेजिटेबल’ ऐका. ‘हाऊ डू यू?’ ऐकूच नका.

आणि अल्बमवरचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘क्रीप’, का टिकलं? कडव्यात जॉनी हात आखडून बसतो आणि कोरसच्या तोंडावर ते खाडखाड आवाज काढतो. त्याला गाणं फार मवाळ वाटायचं, म्हणून ते बिघडवायला त्यानं तारांवर हात मारला, असं एडनंच पुढे सांगितलंय. बिघडवायला गेला आणि गाणं उभं राहिलं.

---

भडंगप्रेमी

रुमाल टाकून ठेवतो. रेडिओहेडवर बोलणारी दहा माणसं सांगलीत हाईत हेच मला आज कळायलंय.

‘हाऊ डू यू?’ ला कुणी वाली दिसत नाही. बघू, कोण उभं राहतंय.

---

केबल९३

धाग्यासाठी आभार. मी त्या काळातला, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९९३ मध्ये आमच्या गावभागात केबलवाल्यानं स्टारचं पॅकेज आणलं होतं, त्यात तेव्हा एमटीव्ही यायचं. ‘क्रीप’ पहिल्यांदा तिथं पाहिलं. दिव्यांत न्हालेलं स्टेज आणि तो पांढऱ्यावर गेलेल्या केसांचा बारका पोरगा. कॅसेट सांगलीत मिळणं शक्यच नव्हतं. पुण्याला शिकणाऱ्या मावसभावानं कुणाच्या तरी सीडीवरून भरून पाठवली. तिच्या एका बाजूला ‘पाब्लो हनी’ आणि दुसऱ्या बाजूला पर्ल जॅम या अमेरिकन बँडचा ‘टेन’. तुलना अशी आपोआपच झाली.

तुम्ही सगळे उलटीकडून आलाय. आधी ‘ओके कॉम्प्युटर’, मग ‘किड ए’, मग कधीतरी कुतूहल म्हणून पहिला अल्बम. त्याच्यापुढे हा किरकोळ वाटणारच. आम्हाला पुढचं काही माहीतच नव्हतं. आम्हाला दिसला तो एक बँड, ज्याचा गायक अमेरिकन गायकांसारखा घशातून गुरगुरत नव्हता. त्याचा आवाज वर जायचा, अगदी फाटायच्या बेतात, आणि फाटायचा नाही. ‘स्टॉप व्हिस्परिंग’ च्या शेवटी ऐका. ते गाणं त्यांनी पिक्सीज या अमेरिकन बँडच्या प्रेमात पडून लिहिलेलं आहे आणि ते लपवलेलंही नाही. पहिल्या अल्बमवर आपले आदर्श दिसले तर बिघडलं काय?

आणखी एक. हा बँड रातोरात मोठा झाला, असं काही जण धरून चालतात. ‘क्रीप’ सप्टेंबर १९९२ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं तेव्हा ब्रिटनमध्ये ७८ व्या क्रमांकावर अडकलं होतं. बीबीसी रेडिओ वनला ते फार उदास वाटलं. मग इस्राएलमधल्या रेडिओवर ते लागायला लागलं, तिथं गाजलं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ स्टेशननं उचललं, अमेरिकेत पसरलं. तेव्हा कुठं १९९३ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं आणि सातव्या क्रमांकावर गेलं. घरच्यांना पोरगं हुशार आहे हे बाहेरच्यांनी सांगितल्यावर कळलं.

---

वालचंद_हॉस्टेल

केबल९३ काका, आदर ठेवून असहमत.

१९९३ मध्ये काय वाटायचं, हा इतिहास झाला. ऐकणारा मी आज ऐकतोय. मला ‘क्रीप’ रीलवर सापडलं, कुणीतरी पियानोवर गायलेलं. मग मूळ ऐकलं, मग बँड ऐकला. त्यांच्या ‘इन रेनबोज’ अल्बमवर महिनाभर अडकलो होतो. नंतर ‘पाब्लो हनी’ लावला, तर रूममेट म्हणाला, हा कुठला कॉलेज बँड? मी सांगितलं नाही. खरंच लाज वाटली सांगायला.

शब्द घ्या. ‘एनीवन कॅन प्ले गिटार’ मध्ये पोराला रॉकस्टार व्हायचंय, केस वाढवायचेत. उपरोधानं लिहिलंय म्हणतात. असेल, पण उपरोध ऐकू यायला पाहिजे. गाणं इतक्या जोशात वाजवलंय की मला तरी ते खरंच रॉकस्टार होण्याबद्दल वाटलं.

आणि चाली एकमेकींत मिसळतात. ‘आय कान्ट’ कुठं संपलं आणि काय सुरू झालं, मला तीनदा ऐकून सांगता येत नाही.

---

ठेका_मिरज

“कुठला कॉलेज बँड” हे वाचून राहवलं नाही.

अल्बमचं पहिलंच गाणं, ‘यू’. सुरुवातीची गिटार सुरू झाली की टाळी धरा. सहा मात्रांचा सरळ दादरा वाटतो. तीन आवर्तनं नीट जातात. चौथ्यात एक मात्रा खाल्लेली आहे. ६+६+६+५, एकूण २३. परत पहिल्यापासून तसंच. तुम्ही समेवर हात आणायला जाता आणि सम एक पाऊल आधीच येऊन गेलेली असते. मजा म्हणजे, मोजलं नाही तर कळतसुद्धा नाही. नुसतं वाटत राहतं, गाणं पुढं ढकलतंय आपल्याला, पायाखालची सतरंजी कुणीतरी हळूच ओढतंय.

ड्रमवर फिलिप सेल्वे. तो ही मोडतोड मिरवत नाही. कुठं तिहाई मारल्यासारखं दाखवत नाही की बघा, कसं चुकवलं. सरळ चेहऱ्यानं वाजवतो. मी तबला शिकवतो. माझ्याकडच्या पोरांना हे वाजवायला दिलं होतं. चांगली परीक्षा पास झालेली पोरं तिसऱ्या फेरीला गळपटली.

वालचंदवाल्या दादा, तुमच्या कॉलेजात २३ मात्रांचं गाणं वाजवणारा बँड असेल तर कळवा. मी तिकीट काढून येतो.

---

वालचंद_हॉस्टेल

हे मोजून बघितलं. २३ च आहेत. मानलं सर.

पण सर, मात्रा खाल्ली म्हणून गाणं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे?

---

ठेका_मिरज

नाही. पण कॉलेज बँड म्हणायचं नाही एवढंच.

---

औदुंबरची लेक

सगळा धागा ‘क्रीप’ भोवती फिरतोय. मला वाटलंच होतं.

माझं म्हणणं नोंदवते, पटो न पटो. ‘क्रीप’ हे या अल्बमवरचं सगळ्यात सोपं गाणं आहे. हळू, मग जोरात, मग हळू, मग जोरात. मी नालायक, तू देवी. सतरा-अठराव्या वर्षी हे फार खोल वाटतं, कारण त्या वयात स्वतःची कीव करायला आवडते. नंतर ते गाणं ऐकताना मला तरी अवघडल्यासारखं होतं. यॉर्कलाही होत असणार, उगाच नाही बँड कित्येक वर्षं ते वाजवायचं टाळत होता. ‘माय आयर्न लंग’ हे १९९४ चं गाणं तर ‘क्रीप’ च्या यशावरच वैतागून लिहिलेलं आहे. ज्याच्यावर जगतोय त्याचाच जीव नकोसा झालाय, असा सूर आहे त्याचा.

आता ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही ती दोन गाणी.

‘लर्गी’. आजारातून बरं झालेल्या माणसाचं गाणं. शब्द मोजके, तेच तेच परत. गिटार संथ आणि एकीच्या मागे दुसरी अशी येते. आयर्विनपलीकडचा, तुमचा सिद्धान्त आहे ना की तिघं एकमेकांना जागा देत नाहीत? इथं देतात. आणि हे गाणं ‘क्रीप’ च्या सिंगलवरसुद्धा होतं, मागच्या बाजूला. म्हणजे जागा द्यायचं त्यांना आधीपासून कळत होतं.

‘ब्लो आउट’. शेवटचं. सुरुवात ब्राझीलच्या बोसानोव्हासारखी, ड्रमच्या कडेवर हलकी टकटक, गिटार जॅझकडे झुकलेली. कुणाला वाटेल, चुकून दुसऱ्याचा अल्बम लागला. मग हळूहळू आवाज चढतो आणि शेवटची दोनेक मिनिटं गिटारींची नुसती भिंत. त्या काळात ऑक्सफर्डच्या आसपास राइड, स्लोडाइव्ह हे बँड असं वाजवत होते. रेडिओहेडच्या मॅनेजरांपैकी ख्रिस हफर्डनं स्लोडाइव्हचा पहिला अल्बम केला होता. म्हणजे वारा घरातच होता. पुढचा रेडिओहेड मला ‘ब्लो आउट’ मध्ये दिसतो. ‘क्रीप’ मध्ये नाही.

---

भडंगप्रेमी

ताईंनी एकदम गाणंच फाडलं की ओ. आमच्या लग्नाआधीची सगळी दुःखं त्या गाण्यावर निघाली, आता ते नालायक म्हणायलात.

---

औदुंबरची लेक

दुःख खरं असतं भाऊ. गाणं साधारण असलं तरी दुःख खरं असू शकतं.

---

जवारी

मिरजेत सतारमेकर गल्लीत काम करतो. तंतुवाद्यांचं काम मुख्य, हल्ली गिटारीही येतात दुरुस्तीला. इंग्रजी गाण्यातलं फार कळत नाही, मुलगा लावतो म्हणून कानावर पडतं. ताईंनी ‘क्रीप’ ला सोपं म्हटलं म्हणून लिहितोय.

त्या गाण्यात कॉर्ड चारच आहेत. जी, बी, सी, सी मायनर. शेवटपर्यंत तेच चक्र. जी ला षड्ज धरा. पहिल्या कॉर्डमध्ये पंचम आहे. दुसऱ्यात त्याच्या जागी कोमल धैवत येतो. तिसऱ्यात शुद्ध धैवत. चौथ्यात परत कोमल धैवत. मग पहिल्या कॉर्डवर आलं की पंचम. प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध, प. आतल्या आत एक सूर दोन पायऱ्या चढतो आणि त्याच पायऱ्यांनी खाली येतो. पेटीवर एवढंच वाजवून बघा, बाकी काही नको. गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत निम्मं काम झालेलं असतं.

सोपं आहे, बरोबर आहे. पण हे सुचणं सोपं नाही.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून नमस्कार. सांगलीकरांच्या भांडणात पडू नये असं घरचे सांगतात, तरी पडतो.

जवारी, ते सुचलं दुसऱ्यालाच होतं. १९७४ मध्ये द हॉलीज या ब्रिटिश बँडनं गाजवलेलं ‘द एअर दॅट आय ब्रीद’ लावा आणि तुमचे तेच सूर मोजा. तीच चढ, तीच उतरण. मूळ गाणं अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांचं. पुढे ‘क्रीप’ च्या श्रेयात या दोघांची नावं घालावी लागली आणि रॉयल्टीत वाटाही द्यावा लागला. म्हणजे ज्या एका गाण्यावर अख्खा अल्बम उभा आहे असं म्हणताय, तेही निम्मं उसनं.

---

जवारी

नाव घातलं, पैसे दिले. मग तक्रार कुणाची?

आमच्याकडं चीज गुरूची असते. गाणाऱ्यानं ती कशी मांडली ते बघतात. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या नावानं दरवर्षी दर्ग्यात सभा होते, तिथं कुणी उठून विचारत नाही की बंदिश तुझी का. उसनं घेतलं ते दिसतंय, आणि त्या उसन्यावर त्या पोरानं तारा दाबून जो खाड आवाज काढलाय तो कुणाकडून घेतलेला नाही. आम्ही जवारी लावतो ती तार जास्त वेळ बोलावी म्हणून. हा उलट तारेचा गळा दाबून वाजवतो. गंमत वाटली.

---

केबल९३

या गाण्याची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. स्लेड आणि कोल्डरीला बोलावलं होतं ते ‘इनसाइड माय हेड’ आणि ‘लर्गी’ ही गाणी करायला. तालमीत बँडनं मध्येच ‘क्रीप’ वाजवलं आणि यॉर्क म्हणाला, हे आमचं स्कॉट वॉकर गाणं (स्कॉट वॉकर म्हणजे साठच्या दशकात गाजलेला गायक). त्या दोघांना वाटलं, खरंच स्कॉट वॉकरचं आहे! बाहेर पडताना हळहळले की यांचं सगळ्यात चांगलं गाणं दुसऱ्याचं निघालं. पुढे ठरलेली गाणी काही जमेनात, तेव्हा मूड बदलावा म्हणून त्यांनी ते वाजवायला सांगितलं. एका टेकमध्ये झालं आणि स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी जो पियानो येतो तोही अपघातानंच तिथं राहिलाय. मिक्स करताना कोल्डरी पियानो वर घ्यायचा विसरला, आठवलं तेव्हा गाणं संपत आलेलं. तिथं वर घेतला. बँडला तेच आवडलं.

(अवांतर: जवारी, तो तारेचा गळा दाबणारा जॉनी ग्रीनवुड २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर ‘जुनून’ नावाचा अल्बम करून गेलाय, शाय बेन झूर या इस्राएली संगीतकारासोबत. मुलाला लावायला सांगा, तुम्हाला आवडेल.)

---

मंडपसाउंड

आवाजाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. माझा धंदा साउंडचा. गणपती, नाटक, लग्न, सभा. कान त्याच कामाला लागलेले आहेत, त्यामुळे गाण्याच्या अर्थात मी पडत नाही.

धागाकर्त्याचं बरोबर आहे, पण कारण पूर्ण सांगितलेलं नाही. गिटारला डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केला, की तो मिडच्या, म्हणजे मधल्या स्वरांच्या पट्ट्यात पसरतो. माणसाचा गळा त्याच पट्ट्यात बसतो. एक गिटार असेल तर गळ्याला वाट काढता येते. तीन गिटारी एकाच वेळी डिस्टॉर्शन लावून आल्या की गळा मागं ढकलला जातो. मग गायक ओरडतो, मग मिक्स करणारा गळा वर घेतो, मग गिटारवाला म्हणतो मी ऐकू येत नाही. हे भांडण मी स्टेजवर पन्नास वेळा सोडवलंय. ‘रिपकॉर्ड’ आणि ‘प्रूव्ह युवरसेल्फ’ मध्ये हेच झालंय. ‘थिंकिंग अबाउट यू’ मध्ये अकूस्टिक गिटार आणि गळा, बाकी फार काही नाही, तर बघा यॉर्कचा आवाज किती पुढं येऊन बसतो.

आता दोष कुणाचा? निर्मात्यांना धरू नका. याच स्लेड आणि कोल्डरीनी दोन वर्षांनी बँडचा दुसरा अल्बम ‘द बेंड्स’ मिक्स केलाय. माणसं तीच, मिक्सिंगचे हात तेच, आवाज जमीन-अस्मान. निर्माता त्या वेळी जॉन लेकी होता, त्याला वेळ मिळाला, आणि मधल्या काळात बँड शेकडो स्टेजवर वाजवून आला होता. कोण कधी गप्प बसायचं हे स्टेजवर शिकतं माणूस, स्टुडिओत नाही. तीन आठवड्यांत तर नाहीच.

---

आयर्विनपलीकडचा (धागाकर्ता)

मंडपसाउंड काका, मला जे वाटत होतं त्याचं नेमकं कारण तुम्ही दिलंत. हे रविवारी हवे होतात.

औदुंबरची लेक, ‘लर्गी’ बद्दल तुमचं म्हणणं माझ्या सिद्धान्ताच्या विरोधात जात नाही, उलट त्याला धरूनच आहे. जिथं जागा सोडली ती गाणी टिकली: ‘यू’ ची सुरुवात, ‘क्रीप’, ‘थिंकिंग अबाउट यू’, ‘लर्गी’, ‘ब्लो आउट’. माझ्या चांगल्या अर्ध्यात हीच आहेत, ‘स्टॉप व्हिस्परिंग’ केबल९३ यांच्या आग्रहाखातर धरतो.

पण ‘पुढचा रेडिओहेड दिसतो’ हे मोजमाप मला खटकतं. आपण सगळे तेच करतोय. ‘ब्लो आउट’ चांगलं का? कारण ते पुढच्यासारखं आहे. ‘व्हेजिटेबल’ वाईट का? कारण पुढं त्यांनी तसं केलं नाही. मग अल्बम ऐकतोय की निकाल लागल्यावर पेपर तपासतोय?

---

औदुंबरची लेक

बरं, पुढचं सगळं बाजूला ठेवते. तरी ‘ब्लो आउट’ चांगलंच आहे, कारण ते सुरू होतं एका ठिकाणी आणि संपतं भलत्याच ठिकाणी, आणि मधली वाट कळते. ‘व्हेजिटेबल’ जिथं सुरू होतं तिथंच संपतं. यासाठी मला ‘किड ए’ माहीत असायची गरज नाही.

आणि पुढचं न बघता मागचं बघा. अल्बमच्या आधी, मे १९९२ मध्ये ‘ड्रिल’ नावाचा चार गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम आला होता. त्यातली तीन गाणी इथं पुन्हा केली आहेत. तिथलं ‘थिंकिंग अबाउट यू’ वेगवान, विजेच्या गिटारीवर, नुसतं पळणारं. इथं तेच संथ आणि उघडं. म्हणजे काही महिन्यांत कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की हे गाणं कमी केलं तर वाढतं. ही समज बाकीच्या गाण्यांपर्यंत पोचायला वेळ मिळाला नाही, असं माझं वाचन आहे.

---

वालचंद_हॉस्टेल

पण वेळ कमी हे कारण किती वेळा चालवायचं? निर्वाणाचा ‘ब्लीच’ १९८९ चा, ६०६ डॉलर आणि थोडे सेंट एवढ्या खर्चात झाला. यांच्यामागं ईएमआय होती. तो अल्बम कच्चा आहे, पण पहिल्या मिनिटात कळतं की ही माणसं कोण आहेत. ‘पाब्लो हनी’ संपला तरी मला कळत नाही. एक गाणं पिक्सीज, एक यू-टू, एक ग्रंज, एक स्लोडाइव्ह.

ताईंचं ‘ब्लो आउट’ मात्र हेडफोनवर काल परत ऐकलं. ते चांगलं आहे. रूममेटला ऐकवलं आणि या वेळी बँडचं नाव सांगितलं.

---

मंडपसाउंड

पोरा, कोण आहोत ते कळलेलं नसतं म्हणून तर पहिला अल्बम काढतात.

आणि ‘एनीवन कॅन प्ले गिटार’ ला शिव्या घालण्याआधी हे ऐक. सुरुवातीला जो गोंगाट आहे ना, त्यासाठी स्टुडिओत जो जो हजर होता त्याला गिटार देऊन काहीतरी आवाज काढायला लावला होता, स्वयंपाक्यालासुद्धा. जॉनीनं रंगाच्या ब्रशनं वाजवली. नाव काय गाण्याचं? मग बरोबर आहे की. तुला उपरोध ऐकू येत नाही म्हणालास, तो शब्दांत शोधू नको, त्या पहिल्या काही सेकंदांत शोध.

---

अजिंक्यतारा

स्वयंपाक्याला नाव दिलं का श्रेयात? हॉलीजवाल्यांना दिलं तसं?

---

मंडपसाउंड

साताऱ्याचे कंदी पेढे पाठवा, मग शोधून सांगतो.

---

केबल९३

औदुंबरची लेक, एका मुद्द्यावर टोकतो. बँड ‘क्रीप’ टाळत होता हे खरं, पण कायमचं नाही. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये, म्हणजे अगदी घरच्या मैदानावर, शेवटी त्यांनी ते वाजवलं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग महोत्सवात तर सुरुवातच त्यानं केली. ज्याची लाज वाटते ते गाणं कुणी पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. तुम्हाला सतराव्या वर्षानंतर अवघडल्यासारखं झालं, त्यांनाही झालं, मग पुढं कधीतरी ते अवघडलेपण गेलं. तुमचंही जाईल. नाही गेलं तरी हरकत नाही.

---

औदुंबरची लेक

चाळिशी उलटली, अजून गेलेलं नाही. वाट बघते.

---

ठेका_मिरज

या धाग्यातून माझ्यापुरता एक उद्योग निघाला. ‘यू’ चा २३ मात्रांचा ठेका बांधतोय. शेवटच्या पाचात खाली (टाळी न देता हात बाजूला करायची मात्रा) कुठं ठेवायची यावर अडलोय. तिसऱ्या दादऱ्यातली खाली ठेवली आणि शेवटचे पाच भरीचे घेतले तर चालतं, पण गाण्याचा ढकलणारा गुण जातो. शेवटच्या पाचात खाली आणली तर सम अंगावर येते. कुणी तबलावाले वाचत असतील तर सुचवा.

---

जवारी

सर, अंगावर येऊ द्या. गाण्यात येतेच की.

---

भडंगप्रेमी

आता शेवटी मीच उभा राहतो, कारण सकाळपासून कुणी राहिना.

‘हाऊ डू यू?’ ची बाजू. सव्वादोन मिनिटांचं गाणं. यादीत कुठं आहे बघा: ‘क्रीप’ च्या लगेच मागं. ‘क्रीप’ संपलं की माणूस भुईकडं बघत बसलेला असतोय. अशा वेळी लगेच ‘स्टॉप व्हिस्परिंग’ लावलं असतं तर ते कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं. मधी हे येतंय, धाडधाड, दंगा, शेवटी पियानोवर कुणीतरी बसल्यासारखा आवाज, आणि खलास. भडंग खाताना मधीच हिरवी मिरची चावायची ती काय चवीसाठी नव्हं, तोंड जागं करायला. एकटं खायची गोष्टच नव्हं ती.

आता ते एकट्यानं लावून कोण ऐकत असंल तर त्याला मी बी वाचवू शकत नाही.

---

आयर्विनपलीकडचा (धागाकर्ता)

यादीतली जागा बरोबर आहे, हे मान्य. गाणं मान्य नाही.

पुढच्या रविवारी ‘द बेंड्स’. विश्रामबागच. मंडपसाउंड काका, स्पीकर तुम्ही आणणार असाल तर वेळ तुम्हीच सांगा.

---

मंडपसाउंड

सातला. शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा.